मुखास्थींचा जमाखर्च



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो ते आमचे गुरुवर्य शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु आम्ही विद्यार्थी त्यांना मास्तर म्हणत असू आणि त्यांनाही तेच संबोधन प्रिय होते. त्यांच्या मेजावर दोन खालचे जबडे कायमचे मांडलेले असत. एक नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाचा, मध्ये न सांधलेल्या दोन तुकड्यांचा, प्रत्येक तुकडा चिंचेच्या बोटकाएवढा. आणि दुसरा भर वयातील पुरुषाचा, सोळाही दात जागच्या जागी असलेला. पहिल्याच दिवशी ते दोन्ही जबडे आमच्या हाती देत आणि विचारीत, “याचा हा कसा झाला?” आम्ही उत्तर देत असू, “वाढून.” त्यावर ते चष्मा काढून ठेवीत आणि म्हणत, “ते मला ठाऊक आहे. कोठे वाढून?”

हा ‘कोठे’ माझ्या मागे चाळीस वर्षे लागलेला आहे, आणि आजचे व्याख्यान हे त्या एका प्रश्नाचे, माझ्या कुवतीप्रमाणे दिलेले, उशिराचे उत्तर आहे.

प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. झाडाचे पान वाढते तेव्हा ते सर्वांगाने पसरते, कारण त्याच्या मऊ पेशी आतल्या आत वाढतात आणि एकमेकींना दूर सारतात. परंतु हाडाच्या पेशी चुन्याच्या क्षारांनी घट्ट झालेल्या द्रव्यात अशा काही कोंडल्या गेलेल्या असतात की त्यांना इकडची तिकडे हलावयास तिळभरही जागा नसते, आणि म्हणून हाडाला कणकेच्या गोळ्याप्रमाणे आतून फुगता येत नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने 1727 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका प्रयोगाची हकीकत दिली आहे. त्याने कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडात अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन छिद्रे पाडली. पिलू मोठे झाले, हाड पुष्कळ लांब झाले, परंतु त्या दोन छिद्रांतील अंतर होते तेवढेच राहिले. म्हणजे हाडाची वाढ मधल्या भागात झालीच नव्हती. ती टोकांकडे झाली होती. हाडावर भर घालावयाची तर ती पृष्ठभागावर थर चढवून, किंवा जेथे कूर्चा शिल्लक आहे तेथे त्या कूर्चेचे हाड करून; आणि हाड कमी करावयाचे तर तेही पृष्ठभागावरून थर उतरवूनच. याखेरीज तिसरा मार्ग निसर्गाने ठेवलेला नाही.

आपल्या लोकव्यवहारात ‘अस्थी’ हा शब्द कानी पडतो तो बहुधा तिसऱ्या दिवशी, नदीच्या घाटावर. अग्नीने सर्व काही नेल्यावर जे उरते ते हाड, अशी आपली त्याच्याशी ओळख असते, आणि त्यामुळे हाड म्हणजे शरीरातील दगड, जिवंतपणाशी ज्याचा संबंध सर्वांत कमी असे काहीतरी, ही समजूत आपल्या मनात खोलवर बसलेली आहे. आपल्या प्राचीनांची दृष्टी याहून सूक्ष्म होती. सुश्रुताने हाडांचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार मानले. दातांना रुचकांत घातले, मस्तकाच्या, गालांच्या व टाळूच्या चपट्या हाडांना कपालांत घातले, आणि नाक, कान, मान, नेत्रकोश येथील लवचीक कूर्चेला हाडांच्याच पंगतीत बसवून तिला ‘तरुण’ असे नाव दिले. कूर्चेला तरुण हाड म्हणण्यात हाडालाही वय असते, त्याचेही बाल्य असते, अशी जाणीव मला दिसते. हा माझा अर्थ आहे; पंडितांनी तो नाकारला तर माझा आग्रह नाही.

आता जबड्याकडे वळू. मास्तरांच्या प्रश्नाचा पहिला खरा खुलासा लंडनच्या जॉन हंटर या शस्त्रवैद्याने 1771 साली, मानवी दातांवरील आपल्या ग्रंथात केला. त्याच्या आधी, 1736 साली, जॉन बेल्चिअर या इंग्रज शस्त्रवैद्याने एक विलक्षण गोष्ट नोंदवून ठेवली होती. एका छीटवाल्या रंगाऱ्याकडे तो जेवावयास गेला असता पानात आलेल्या डुकराच्या मांसातील हाडे तांबडी दिसली. चौकशीअंती कळले की कापड रंगविताना उरलेला, आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील वनस्पतीचा रंग मुरलेला कोंडा त्या जनावरांना खाऊ घालीत असत. पुढे ध्यानात आले की हा रंग जुन्या हाडाला फारसा लागत नाही. रंग खाण्यात असताना जे हाड नव्याने घातले जाते तेवढेच तांबडे होते. वहीत तांबड्या शाईने केलेल्या नोंदी जशा वेगळ्या दिसतात तशी त्या मुदतीतील वाढ हाडावर वेगळी दिसू लागली. हंटरने हाच रंग डुकरांना चारला, निरनिराळ्या वयांच्या मुलांचे जबडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि निष्कर्ष काढला तो असा की जबड्याचा पुढचा कमानदार भाग, ज्यात दुधाचे दात बसतात, तो एकदा तयार झाला म्हणजे फारसा लांबत नाही. लांबतो तो मागच्या बाजूस.

परंतु मागच्या बाजूस तर जबड्याची उभी फांदी आहे, जी कानापुढे जाऊन कवटीला सांधली जाते! दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दुधाची शेवटची दाढ संपते न संपते तोच ही फांदी उभी राहते; तिच्यापुढे आणखी एका दाढेलाही जागा नसते. तरीही सहाव्या वर्षाच्या सुमारास तेथे पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी, आणि पुढे सतरा-अठरा किंवा त्याहून उशिरा अक्कलदाढ. ही जागा आली कोठून? हंटरचे उत्तर असे की फांदीच्या मागच्या कडेवर हाड चढत जाते आणि पुढच्या कडेवरून ते उतरत जाते. परसाकडे नवी भिंत घालीत जावे आणि ओसरीकडची जुनी भिंत पाडीत यावे, म्हणजे घराची रुंदी तेवढीच राहून घर मागे सरकते व अंगण मोठे होते, तद्वत् ती फांदी मागे सरकते आणि दाढांचे अंगण वाढते. चौथ्या वर्षी जेथे फांदी होती त्याच जागी बाराव्या वर्षी दाढ उभी असते. पुढे 1860 च्या दशकात केंब्रिजच्या हम्फ्री यांनी डुकराच्या लहान पिलांच्या जबड्याच्या या फांदीत, पुढच्या आणि मागच्या कडेला, तारेची वेटोळी घालून ठेवली. पिले वाढल्यावर पुढचे वेटोळे मोकळे होत आलेले आणि मागचे हाडात खोल पुरले गेलेले सापडले. हंटरच्या म्हणण्याची याहून चोख रुजुवात मागता येणार नाही.

माझ्या मते या शास्त्रातील मर्माची गोष्ट हीच आहे, आणि ती शाळेतील पुस्तकांत पुरेशा जोराने सांगितली जात नाही याचे मला वाईट वाटते. वाढ म्हणजे केवळ जमा नव्हे. जमेइतकाच खर्चही तेथे अत्यावश्यक आहे, आणि पाडणाऱ्यांनी काम थांबविले तर बांधणाऱ्यांचे श्रम केवळ एक बेढब ओंडका निर्माण करतील. बांधणाऱ्या पेशी निराळ्या, पाडणाऱ्या निराळ्या. पाडणारी पेशी आकाराने मोठी, अनेक केंद्रकांची, हाडाला चिकटून आम्ल पाझरविणारी व त्यात चुना विरघळविणारी. तिला जर्मनीतील क्योलिकर यांनी 1873 साली नाव दिले. एकाच हाडाच्या एका अंगावर ही आणि दुसऱ्या अंगावर ती, अशा दोन्ही पलटणी एकाच वेळी कामावर असतात, आणि नदी एका काठाची माती खाऊन दुसऱ्या काठावर टाकीत असता जसे तिचे पात्र शेतांतून सरकत जाते तसे हाड शरीरातून सरकत जाते.

कवटीच्या माथ्याची तऱ्हा याहून वेगळी. जन्मवेळी माथ्याची हाडे म्हणजे पडद्यावर तरंगणारी, एकमेकांपासून अलग असलेली पत्रे असतात. प्रसूतीच्या वेळी ती थोडी एकमेकांवर चढतात आणि त्यामुळेच मूल जन्माला येऊ शकते. जेथे त्यांचे कोपरे मिळत नाहीत ती मऊ जागा म्हणजे टाळू. मराठीत टाळू हा शब्द डोक्याच्या त्या मऊ जागेलाही आहे आणि तोंडाच्या छपरालाही. आजीचे तेलाचे बोट रोज जेथे फिरते ती पहिली, आणि जिभेला लागते ती दुसरी. दोहोंच्याही हाडांत वाढीचे नाटक घडते, परंतु त्यांतील सूत्रधार निराळे. माथ्यावरचा सूत्रधार मेंदू. जन्मतः डोक्याचा घेर सुमारे 35 सेंटिमीटर असतो, वर्षाअखेर तो सुमारे 46 होतो. आणि हा सारा रेटा आतल्या मेंदूचा असतो, जो सहा-सात वर्षांच्या आत आपल्या अखेरच्या आकाराच्या नव्वद टक्क्यांच्या पुढे जातो. मेंदू रेटतो, पत्रे दूर होतात, आणि त्यांच्या शिवणींत, ज्यांना शास्त्रात सीवनी म्हणतात, नवे हाड पडत जाते. हुकूम मेंदूचा, अंमलबजावणी हाडाची. मेंदू वाढलाच नाही तर कवटी लहान राहते. आत पाणी साचून दाब वाढला तर तान्हेपणी ती भोपळ्याएवढीही होऊ शकते. मोठी टाळू बहुधा एक ते दीड वर्षाच्या सुमारास भरते. जुलाबांनी शरीरातील पाणी ओसरले की ती खोल जाते, हे आमच्या आज्यांना डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

याच आज्या तान्हुल्याचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी करीत आणि न्हाऊ घालताना नाक सरळ व्हावे म्हणून ते ओढीत. त्यांच्या मायेविषयी मला नितांत आदर आहे, परंतु माझ्या शास्त्राशी प्रतारणा करून त्यांना दाद देता येणार नाही. उताणे निजल्याने पाठीमागे आलेला चपटेपणा, मूल बसू-रांगू लागले म्हणजे बहुतांशी आपोआप कमी होतो. नाकाचा आकार मात्र आतल्या कूर्चेच्या पडद्याच्या आणि मुखास्थींच्या वर्षानुवर्षांच्या वाढीने ठरतो, त्यावर चिमटीचा काही एक अंमल चालत नाही. ज्या दोषाकडे खरोखर तातडीने पाहावयास हवे तो दुसराच आहे. एखादी सीवनी अकाली बुजली तर त्या शिवणीला काटकोनात होणारी वाढ थांबते आणि शिवणीच्या दिशेने ती जास्त होते, असा नियम रूडॉल्फ फिर्खो यांनी 1851 साली मांडला. माथ्यावरची उभी शिवण अशी बुजली की डोके होडीप्रमाणे अरुंद व लांबट होते. आज त्यावर शस्त्रक्रिया होते, परंतु ती पहिल्या वर्षात झाली तर अधिक चांगली, म्हणून मुलाच्या डोक्याच्या विचित्र आकाराकडे ‘दृष्ट लागेल’ म्हणून डोळेझाक करू नये, अशी आयाबायांना माझी विनंती आहे.

आता चेहरा. अर्भकाचे सारे डोके कपाळ आणि डोळे यांचेच वाटते, कारण त्या वयात मुखाचा भाग कवटीच्या सुमारे एक-अष्टमांश असतो, आणि प्रौढपणी तो जवळजवळ निम्मा होतो. दात यावयाचे असतात, गालांच्या हाडांतील पोकळ्या नावालाच असतात, कपाळातील पोकळ्या तर नसतातच. पुढील पंधरा-वीस वर्षांत चेहरा कवटीच्या तळापासून पुढे आणि खाली उतरत येतो. येथे एक कोडे आहे. डोनाल्ड एन्लो या अमेरिकन संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखविले की, वरच्या जबड्याची पुढची बाजू, जी चेहरा पुढे येताना सर्वांत पुढे असावयास हवी, तिच्यावर बालपणी हाड पडत नसून उलट तेथून उतरत असते! पुढे जाणारी गोष्ट पुढूनच झिजते कशी? उत्तर असे की संबंध जबडा मागील सीवनींत भर पडत गेल्याने पुढे नेला जातो, आणि त्याच वेळी त्याची पुढची पाटी स्वतः किंचित मागे सरकत असते. बैलगाडी पुढे चाललेली असावी आणि तिच्यात बसलेला माणूस मागच्या बाजूस सरकून बसावा, तरी गावाच्या दृष्टीने तो पुढेच गेलेला असतो. तोंडाच्या टाळूचेही असेच. तिच्या वरच्या, म्हणजे नाकाच्या बाजूने हाड खरवडले जाते आणि खालच्या, म्हणजे तोंडाच्या बाजूने घातले जाते, आणि ती कमान पायरीपायरीने खाली उतरते. तिच्यावरच्या रिकाम्या जागेत श्वासाची वाट रुंद होते. आज आपल्या जिभेला जी टाळू लागते, तिच्यात पाळण्यातल्या टाळूचे हाड शोधूनही सापडावयाचे नाही.

या सरकण्यामुळे नुसत्या डोळ्याने पाहणाऱ्याची किती फसगत होते त्याचा दाखला कोपनहेगनच्या आर्ने ब्यर्क यांनी दिला. त्यांनी 1950 च्या दशकात मुलांच्या जबड्यांत टँटलम धातूच्या बारीक खुणा बसवून वर्षानुवर्षे क्ष-किरण चित्रे घेतली. धातूची खूण हाडात जेथे असते तेथेच राहते, म्हणून तीवरून हाडाची खरी हालचाल मोजता येते. त्यावरून आढळले की चौथ्या वर्षापासून प्रौढपणापर्यंत सामान्य माणसाच्या खालच्या जबड्याचा गाभा सरासरीने सुमारे 15 अंशांनी फिरतो, परंतु त्याच्या खालच्या कडेवरची जमा आणि खर्च हे फिरणे इतके झाकून टाकतात की बाहेरून ते जेमतेम दोन ते चार अंशांचेच वाटते. आरशात वर्षानुवर्षे ‘तोच’ दिसणारा चेहरा आत एवढा फिरून गेलेला असतो. दातांना तारा लावतात तेव्हा दंतवैद्य याच व्यवहाराचा उपयोग करून घेतो. दाबाच्या बाजूस हाड विरते, ओढीच्या बाजूस पडते, आणि दात हाडातून चालत जातो.

श्रोतेहो, हाडांचा हा स्वभाव ज्यांनी लक्षात घेतला नाही त्यांच्या हातून केवळ शास्त्रीय चूक झाली असे नव्हे, तर माणसांवर अन्याय झाला. आपल्याकडे 1901 च्या खानेसुमारीचे प्रमुख असलेले हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी व उंची यांचे प्रमाण मोजून जातीजातींची उतरंड लावीत होते. नाक जितके रुंद तितकी जातीची पायरी खालची, असा त्यांचा सिद्धांत. मोजपट्टी आणि सरकारी दफ्तर यांनी मिळून चेहऱ्याला सनद दिली, जणू तो जन्मतःच कायमचा ठोकलेला शिक्का असावा. पुढे 1911 साली फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या युरोपीय कुटुंबांतील सुमारे 18,000 माणसांची मोजणी प्रसिद्ध केली आणि दाखविले की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्यांचे प्रमाण युरोपात जन्मलेल्यांपेक्षा वेगळे येते. लांब डोक्याची म्हणून समजलेली सिसिलीची मुले गोलट होतात, गोल डोक्याची म्हणून समजलेली पूर्व युरोपातील यहुदी मुले लांबट. बोआस यांचे आकडे आपल्या काळात पुन्हा तपासले गेले. 2002 साली काहींनी म्हटले की हा फरक आनुवंशिकतेच्या मानाने अल्प आहे, 2003 साली इतरांनी म्हटले की बोआस मुख्य मुद्द्यावर बरोबरच होते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे मलाही मान्य आहे. आपण आईचे नाक घेऊन येतोच. परंतु नाकाच्या मोजमापावरून माणसाची प्रतवारी लावण्यास त्याने काडीचाही आधार मिळत नाही.

या प्रकरणात एका मराठी विदुषीचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. इरावती कर्वे यांना आपण ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो, परंतु त्यांचा बर्लिनमधील प्रबंध मानवी कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंतील विषमतेवर होता, आणि त्यासाठी त्यांनी 149 कवट्या मोजल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा अशी होती की ही विषमता गोऱ्या युरोपीयांत अधिक असते आणि ती त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी निगडित आहे. पंचविशीच्या आतबाहेरच्या, परक्या देशात परक्या भाषेत लिहिणाऱ्या त्या स्त्रीने मोजमाप केले आणि लिहिले की विषमतेचा आणि वंशाचा असा काही संबंध आढळत नाही. पदवी 1930 साली मिळाली. तीन वर्षांनी जर्मनीत जे राज्य आले त्याच्या वंशविषयक धोरणाला फिशर यांनी आपल्या विद्वत्तेचा आधार दिला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रबंधातील सरळपणाची किंमत कळते. कवटीला दोन बाजू अगदी सारख्या करता येत नाहीत, याचे कारण कोणत्याही बाजूचे हाड कधी स्वस्थ बसलेले नसते. विषमता ही वाढीची सर्वसाधारण वहिवाट आहे.

आता अखेरचा भाग, जो मला बोलावयास सर्वांत जड जातो.

मास्तरांच्या मेजावरील त्या दोन जबड्यांवर, बाहेरच्या अंगास, पुढे, दोन्ही बाजूंना एकेक बारीकसे छिद्र आहे. त्यातून खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना नेणारी शीर बाहेर पडते. अर्भकाच्या जबड्यात ते खालच्या कडेजवळ असते. भर वयात ते उंचीच्या साधारण मध्यावर येते, कारण खाली हाड चढते आणि वर दातांच्या मुळांभोवती दंतकोशांचे हाड उभे राहते. हे वरचे हाड दातांच्या भरवशावर जगते. दात गेले की त्याच्यावरचा रोजचा भार गेला, आणि भार गेला की खर्चाची बाजू वाढत जाऊन ते हाड ओसरते. जबडा वरून खाली झिजतो, हनुवटी नाकाकडे येते, तोंडाचे बोळके होते. दोन्ही जबड्यांची मोजमापे मास्तरांनी एका लांबट वहीत नोंदवून ठेवली होती: जबड्याची उंची किती, छिद्र वरच्या कडेपासून किती खाली.

त्यांच्या शेवटल्या पावसाळ्यात मी त्यांना भेटावयास गेलो तेव्हा खालची कवळी पाण्याच्या वाटीत काढून ठेवलेली होती. कवळी लावली की ओठात विजेसारखी चमक निघते, म्हणून ती लावता येत नाही असे ते म्हणाले; आवाज बसका झाला होता, पण प्रश्न विचारण्याची ढब तीच होती. त्यांनी माझे बोट धरून आपल्या हिरडीवर, सुळ्याच्या थोडे मागे टेकविले आणि हलकेच दाबावयास सांगितले. त्यांचा ओठ थरथरला. “छिद्र कडेवर आले,” ते म्हणाले, “कवळी त्या शिरेवरच बसते.” मग त्यांनी कपाटातून ती वही आणि पितळी मोजणीचा चिमटा काढावयास सांगितले. हिरडीसकट जेवढी घेता आली तेवढी उंची मी घेतली, त्यांनी आकडा दोनदा विचारून पक्का केला, आणि अर्भकाचा जबडा, पुरुषाचा जबडा या दोन नोंदींच्या खाली, तारीख घालून, आपल्या नावाने तिसरी नोंद मला करावयास सांगितली.